लोणझरीचा मंगळवार

१

त्या मंगळवारी सकाळी अमरावतीहून निघालेली अकोला पॅसेंजर लोणझरीला थांबली, आणि थांबताना असा हिसका बसला की दारात पाय सोडून बसलेला विपुल खडीवर फेकला गेला. मांडीचं हाड मोडलं. खाली उतरून लोकांनी त्याला उचललं, तोवर मागच्या डब्यात दुसराच गोंधळ सुरू झाला होता. अंकुर गावंडे नावाच्या तरुण मुलाला चारपाच जणांनी धरून ठेवलं होतं. गाडी थांबली तेव्हा त्याचा हात धोक्याच्या साखळीपाशी होता, असं त्यांचं म्हणणं.

लोणझरी हा बडनेरा आणि मूर्तिजापूरच्या मधला छोटा हॉल्ट. पूर्वी पॅसेंजर इथं थांबायची. मग साथीच्या काळात गाड्या बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या तेव्हा लोणझरीचं नाव वेळापत्रकातून गळलेलं होतं. फलाट मात्र तसाच राहिला, वर बाभळी उगवल्या. अशा या फलाटावर गेले काही महिने मंगळवारी सकाळची पॅसेंजर थांबत होती. कुणीतरी साखळी ओढत होतं. गाडी थांबली की दहाबारा माणसं पटापट उड्या मारून शेताकडे पसार व्हायची, आणि गार्ड साखळी जागेवर बसवून शिट्टी द्यायचा. आजवर कुणी सापडलं नव्हतं. आता सापडला होता, आणि एक माणूस दवाखान्यातही पडला होता.

तपास रेल्वे सुरक्षा दलाच्या सब-इन्स्पेक्टर प्रणाली काळमेघ यांच्याकडे आला. प्रणाली दर्यापूरकडची. काळ्या मातीत वाढलेली, घाई न करणारी बाई. वरिष्ठांनी सांगितलं, "पोरगा रंगेहाथ सापडला आहे. कागद पूर्ण करा आणि पाठवून द्या."

प्रणालीनं अंकुरला समोर बसवलं. अंगानं काटक, केस बारीक कापलेले, बुटांना मैदानाची लाल माती.

"काय करतोस?"

"पोलिस भरतीत निवड झाली मॅडम. आता चारित्र्य पडताळणी राहिली. माया नावावर केस लागली तं सगळं गेलं."

"साखळीपाशी हात कशाला होता?"

"बॅग काढून राहिलो होतो. मूर्तिजापूर आलं असं वाटलं. धुकं होतं, बाहेर काही दिसतच नव्हतं."

"तुला मूर्तिजापूरला उतरायचं होतं?"

"हो. मामाकडे."

खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा जास्त बोलतो. हा पोरगा विचारलं तेवढंच सांगत होता. पण ज्यानं त्याला धरलं, तो साक्षीदार साधा नव्हता. अॅडव्होकेट चिंतामणराव धारकर, अकोल्याच्या कोर्टात उभं आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं की हात साखळीपाशी होता.

आणि प्रणालीला एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. लोणझरीला गाडी थांबवणाऱ्या पोरानं लोणझरीला उतरायला नको का?

२

चिंतामणराव अमरावतीच्या फलाटावरच भेटले. पांढरा शर्ट, काळा कोट हातावर टाकलेला.

"मी साखळी ओढताना पाहिलं असं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "हात तिथं होता असं लिहिलंय. दोन्हींत फरक आहे, तुम्हाला तो कळतो म्हणून सांगतो."

"लोणझरीत तुमची शेती आहे ना?"

चिंतामणराव हसले. "विचारा, सरळ विचारा. आहे. थांबा परत मिळावा म्हणून मी अर्ज केलेत, शिष्टमंडळं नेलीत. तिकीटविक्री कमी म्हणून नाकारलं. पण मी साखळी ओढली असती, तर माझ्या अर्जाला कुणी विचारलं असतं का? प्रत्येक मंगळवारी गाडी थांबते आणि रेल्वे म्हणते, ही गुंडांची वस्ती, इथं कशाला थांबा द्यायचा. या साखळीवाल्यानं माझं सगळ्यात जास्त नुकसान केलंय."

त्या दिवशी अंकुरच्याच डब्यात बेबीताईही होत्या. पेरू-बोरांची टोपली घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या. प्रणालीनं त्यांच्यासाठी चहा मागवला तेव्हा त्या जरा घाबरल्या, पण पहिला घोट घेतल्यावर मोकळ्या झाल्या.

"मी काई पाह्यलं नाई बाई. नात होती मांडीवर. थे झोपली होती, मी बी पेंगून राहिली होती."

"मग जाग कशानं आली?"

"हिसक्यानं. माया पाठीले असा धक्का बसला, जसं कोणी मांगून गाडीची शेपटी धरली. टोपली सरकली पार तिकडे."

"मग?"

"मंग लोकाईनं त्या पोट्ट्याले धरलं, आरडाओरडा केला. तवा कुठं माई नात उठली, अन् रडायले लागली."

प्रणालीनं कप खाली ठेवला. "आरडाओरडा झाल्यावर उठली? त्याच्या आधी नाही?"

"हिसक्यानं जराकशी चुळबुळली, अन् पुन्हा झोपली. आवाज झाला की मंग नाई राहत थे. कानाची लय तिखट हाये."

प्रणालीनं एवढं ऐकून घेतलं आणि दवाखान्यात गेली. विपुल अमरावतीत मोबाईलच्या दुकानात कामाला होता. पाय लटकवून ठेवलेला, चेहरा उतरलेला, पण बोलायला उत्सुक.

"कोणी साखळी ओढली ते मले नाई माहीत. मी दारात बसलो होतो हे चुकलंच. गार्डसाहेब बी तेच म्हणे, की बाबू दारात नोको बसत जाऊ."

"गार्डसाहेब? ते आले होते?"

"रोज येतात. देवीदास तायडे नाव हाये त्यांचं. डबा आणतात घरून. काल माया मायले औषधाच्या दुकानातही तेच घेऊन गेले." विपुलनं मान हलवली. "इतका भला माणूस मी पाह्यला नाई मॅडम. अन् एक गोष्ट सांगू? माया पायाकडे पाहतात तं त्याईच्या डोळ्यात पाणी येते."

३

गार्ड देवीदास तायडे यांचा जबाब बडनेऱ्याला झाला. निवृत्तीच्या जवळ आलेला, नीटनेटका माणूस. गणवेशाची इस्त्री मोडलेली नाही, आवाज चढलेला नाही. त्यांनी काय झालं ते क्रमानं सांगितलं. ब्रेकच्या हवेचा दाब उतरला, गाडी थांबली, ते खाली उतरले, शेवटून दुसऱ्या डब्याची साखळी ओढलेली होती, डब्याच्या टोकाचा व्हॉल्व्ह त्यांनी हातानं परत बसवला, जखमी माणसाला डब्यात घेतलं आणि गाडी सोडली.

"अंकुर गावंडेला साखळी ओढताना पाहिलं?"

"नाही मॅडम. मी तो ओढत होता असं कधीही म्हणणार नाही." हे त्यांनी जरा घाईनं सांगितलं. त्यांच्या एकूण बोलण्यात घाई झाली ती एवढीच.

"मंगळवारी या गाडीवर तुम्हीच असता?"

"सहा महिन्यांपासून माझी ड्युटी तशीच लागते."

दुसऱ्या दिवशी प्रणाली लोणझरीला गेली. गाडी तिथं थांबत नसल्यानं मूर्तिजापूरला उतरून काळीपिवळी जीपमध्ये बसली. जीपनं फाट्यावर सोडलं. तिथून गाव चालत. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि वाटेतली काळी माती बुटाला अशी चिकटत होती की प्रत्येक पावलाला बूट जड होत गेला. आजारी माणसाला या वाटेनं न्यायचं म्हणजे उचलूनच न्यायला हवं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

पारावर माणसं बसली होती. प्रणालीनं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर.

"कॉलेजचे पोट्टे ओढतात मॅडम."

"कोणते पोट्टे? नाव सांगा."

"बाहेरगावचे. आमाले काय माहीत."

दहाजणांनी तेच, त्याच शब्दांत सांगितलं. खेड्यात दहा माणसांची एका गोष्टीवर एकवाक्यता झाली की काहीतरी झाकलेलं असतं, हे प्रणालीला लहानपणापासून ठाऊक होतं.

ती फलाटावर गेली. सगळा फलाट बाभळीनं आणि तणानं भरलेला. फक्त अमरावतीकडचं टोक साफ होतं. तिथं गवत खुरप्यानं काढलेलं, फुटलेल्या कडेला माती टाकून उतार केलेला, चुन्याचा हात फिरवलेला. गाडी अकोल्याकडे तोंड करून थांबली, तर या टोकाशी तिचा शेवटचा डबा येणार. म्हणजे गार्डाचा डबा आणि त्याला लागून असलेला अपंगांचा छोटा कप्पा.

तिच्या मनात काहीतरी सरकलं. महिनोन् महिने सगळे एकाच गोष्टीकडे पाहत होते, की कोण उतरतं. जो उतरतो तोच साखळी ओढतो, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण हा उतार उतरण्यासाठी केलेला नव्हता. उतरणारी माणसं उड्या मारून जातात. उतार चढणाऱ्यासाठी असतो.

फलाटाच्या मागच्या घरात एक म्हातारी उन्हात बसून तूर पाखडत होती. चेहरा फिकट, पाय सुजलेले, डाव्या हाताच्या कोपराखाली शीर दोरीसारखी फुगलेली. प्रणालीच्या काकांना किडनीचा आजार होता. अशी शीर कशासाठी करतात ते तिला माहीत होतं.

"राम राम आजी. डायलिसिसला कुठं जाता?"

"अकोल्याले जातो माय. मंगळवारी अन् शुक्रवारी." म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. "बस ना. उभी काहून?"

"या रस्त्यानं कसं जाता हो?"

"शुक्रवारी आमचे हे मोटरसायकलवर बसवून मूर्तिजापूरले नेतात. घरी येईलोक सारी हाडं मोडून जातात. पण मंगळवारचं बरं हाये." तिचा चेहरा उजळला. "मंगळवारी रेल्वे थांबते ना मायासाठी. सरकारनं मंजूर केलं. दुखणाईत माणसासाठी."

घराच्या दारात एक वयस्क शेतकरी येऊन उभा राहिला होता. प्रणालीचा गणवेश पाहून त्याच्या हातातला पाण्याचा गडवा कलला आणि पाणी त्याच्याच पायावर सांडलं.

४

तो मैनाबाईचा नवरा, जानराव टेकाडे. त्यानं प्रणालीला घरापासून दूर, विहिरीकडे नेलं.

"तिच्यासमोर नोका बोलू मॅडम. तिले काईच माहीत नाई."

"मंजुरीचं तुम्ही सांगितलं तिला?"

"सांगा लागलं. नाई तं थे गाडीत बसलीच नसती. चोरून काई करणं तिले जमतच नाई."

"साखळी कोण ओढतं जानरावजी?"

जानराव विहिरीच्या काठावर बसला आणि म्हणाला, "मले मारा, कोंडा, काई करा. मी नाव नाई सांगत."

प्रणालीनं त्याला पुन्हा विचारलं नाही. नाव तिला जवळजवळ कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं, चिंतामणरावांनी सांगितलेल्या फरकासारखंच.

त्या गाडीचे डबे रोज दुपारी अकोल्याच्या यार्डात धुण्यासाठी उभे असतात. प्रणाली तिथं पोचली. शेवटून दुसरा डबा, ज्यात अंकुरला धरलं, तो शोधायला त्रास पडला नाही. बाकीचे डबे धुरकट, हा ताज्या निळ्या रंगात चमकत होता. डब्यावरच्या तारखेनुसार तो त्या मंगळवारच्या थोडाच आधी वर्कशॉपमधून रंगून आला होता.

ती डब्याच्या टोकाला गेली. बाहेरच्या भिंतीवर वरच्या बाजूला तो व्हॉल्व्ह होता. आतली साखळी ओढली की हा फिरतो, हवा जोरात सुटते, गाडीचे ब्रेक लागतात. हातानं परत फिरवल्याशिवाय गाडी हलत नाही. प्रणाली पायरीवर चढली आणि जवळून पाहिलं.

व्हॉल्व्हवर रंग होता. फिरणारा भाग आणि न फिरणारा भाग, दोन्हींवरून रंगाचा एकच थर गेलेला. जोडाच्या भेगेत तो वाळून बसला होता. एक ओरखडा नाही, एक तडा नाही.

तिनं यार्डाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतली, आत गेली, अंकुर उभा होता त्या जागी उभी राहिली आणि साखळी ओढली.

फस्स करून असा आवाज झाला की पलीकडच्या रुळावर डबे धुणारे सगळे वळून पाहायला लागले. कानात दडे बसले. बाहेर येऊन तिनं व्हॉल्व्ह पाहिला. रंगाला आडवा तडा गेला होता आणि त्याची साल लोंबत होती.

प्रणाली पायरीवरच बसली. आता सगळं एका रांगेत उभं राहिलं.

हा आवाज झाला असता तर कानाची तिखट असलेली बेबीताईंची नात झोपून राहिली नसती. ती उठली ती नंतर, माणसांच्या ओरडण्यानं. म्हणजे त्या दिवशी या डब्यात साखळी ओढलीच गेली नाही. रंगही तेच सांगत होता. तरीही गार्डानं लिहून दिलं होतं की याच डब्याची साखळी ओढलेली होती आणि व्हॉल्व्ह त्यानं स्वतः परत बसवला. जो फिरलाच नाही तो परत कसा बसवला?

साखळीशिवाय गाडी दोनच माणसं थांबवू शकतात. एक ड्रायव्हर. पण ड्रायव्हर या गाडीवर दर वेळी वेगळा असतो, आणि त्यानं थांबवली असती तर ब्रेक पुढून लागले असते. बेबीताईंना धक्का मागून बसला होता, कुणी शेपटी धरल्यासारखा. गाडीच्या शेपटीत, शेवटच्या डब्यात, गार्डाच्या हाताशी ब्रेकची एक मूठ असते.

तिला दवाखान्यातला जेवणाचा डबा आठवला. भला माणूस, खरंच भला. आणि त्याच्या भलेपणापायी एक पोरगा आयुष्यातून उठायची वेळ आली होती.

५

बडनेऱ्याच्या फलाटावर दुपारच्या उन्हात देवीदास एकटेच बाकावर बसले होते. प्रणाली शेजारी बसली. तिनं कसलाही आव आणला नाही.

"तायडेसाहेब, त्या डब्याच्या व्हॉल्व्हवरचा रंग मोडलेला नव्हता."

देवीदास म्हणाले, "मला वाटलंच होतं, तुम्ही तिथपर्यंत जाल."

"सांगा."

"जानराव माझ्याकडे आला होता. बडनेऱ्याला, याच बाकावर. म्हणाला, म्हातारी मोटरसायकलवरून दोनदा पडली. मी म्हणालो, मी काय करू शकतो? आणि मग तो गेल्यावर विचार आला की मी करू शकतो." त्यांनी हात पुढे केला, जणू मूठ धरलेली. "हळू लावायचो. एवढी हळू, की उभ्या माणसाचा तोल जाऊ नये. साखळी ओढली म्हणून सांगायचो. कुणाचं नाव कधी घेतलं नाही. गाडीला थोडा उशीर व्हायचा, बाकी काही नाही, असं स्वतःला समजावत होतो."

"आणि त्या मंगळवारी?"

"धुकं होतं. फलाट दिसला तेव्हा पुढं गेलो होतो. घाबरून जोरात ओढली. त्या पोराचा पाय मी मोडला मॅडम. दुसरं कुणी नाही."

"आणि अंकुर?"

"त्याला धरलं तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात पाहिलं तर मावशी उतारावरून चढत होत्या, एक हात माझ्याकडे केलेला. वाटलं, मी बोललो तर ही गाडी पुन्हा इथं थांबायची नाही. म्हटलं, पुराव्याअभावी सुटेल पोरगा. पुढचा मंगळवार जाऊ दे, मग सांगू. असा मंगळवार येतच नसतो, नाही का?"

प्रणाली म्हणाली, "उद्या सकाळी तुम्ही स्वतः येऊन जबाब द्या. मी बोलावण्याआधी आलात तर ते तुमच्या बाजूनं लिहिलं जाईल. पण आलात नाही, तर माझा अहवाल दुपारी जाईल. आणि त्यात सगळं असेल."

देवीदासांनी मान हलवली. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ते येतील की नाही, हे तिला सांगता आलं नसतं.

६

सकाळी स्टेशनवरच्या ठाण्याच्या दारात पहिल्यांदा आले ते देवीदास नव्हते.

भाड्याच्या जीपमधून जानराव उतरला आणि त्यानं मैनाबाईला दोन्ही हातांनी खाली घेतलं. म्हातारीच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. फाट्यापर्यंत ती चालत आली होती, आणि संतापानं तिचा फिकट चेहरा लाल झाला होता.

"याईनं मले राती सांगतलं," ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली. "तू येऊन गेली तवापासून जेवले नाई हे. मंग म्या खोदून इचारलं." ती खुर्चीवर बसली, दम घेतला. "पोरी, माया पायी एका लेकराचा पाय मोडला अन् एकाले तुमी कोंडलं. आणि मी आपली दर मंगळवारी राणीवानी गाडीत बसून राहिली. सरकारनं मंजूर केलं म्हणे! काहून नाई सांगतलं मले कोणी?"

जानराव खाली पाहत म्हणाला, "तू गेली नसती म्हणून."

"नसतीच गेली!"

"मंग तू जगली नसती, मैना."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि प्रणालीला म्हणाली, "लिही. गाडी मायासाठी थांबत होती. त्या पोट्ट्यानं काई केलं नाई. मी अंगठा देतो."

"आजी, हे लिहिलं तर मंगळवारी गाडी थांबणार नाही."

"लिही म्हणलं ना."

प्रणाली लिहीत असतानाच दारात पावलं वाजली. देवीदास आत आले. गणवेश घातलेला नव्हता, साधा पांढरा सदरा होता. मैनाबाईला पाहून ते जागच्या जागी थबकले.

"मावशी, तुम्ही इथं?"

"या, देवीदासभाऊ," मैनाबाई म्हणाली. रागात होती तरी तिनं त्यांच्यासाठी बाकावर जागा केली. "बसा. तुमी बी सांगा आता."

देवीदासांनी सगळं सांगितलं आणि सही केली. पेन ठेवल्यावर म्हणाले, "मला अंकुरला भेटायचंय." जामिनावर सुटलेला अंकुर हजेरीसाठी बाहेरच थांबला होता. दोघं फलाटावर गेले. काय बोलले ते प्रणालीनं ऐकलं नाही. तिला फक्त दिसलं की देवीदासांनी हात जोडले आणि अंकुर आधी तोंड फिरवून उभा राहिला. त्याला राग होता आणि तो त्यानं लपवला नाही. खूप वेळानं त्यानं त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि निघून गेला.

त्याच्यावरची केस मागे घेतली गेली. उन्हाळ्यात तो पोलिस प्रशिक्षणाला गेला.

देवीदास निलंबित झाले. चौकशी झाली. ते स्वतःहून आले हे प्रणालीनं लिहिलं होतं, त्यामुळे नोकरी वाचली, पण पगारवाढ गेली, पॅसेंजर गेली. मालगाडीवर पाठवलं. विपुलच्या पायात सळई बसली. तो आता हळू चालतो, आणि देवीदासांना माफ केलं का असं कुणी विचारलं तर म्हणतो, "अजून नाई. पण डबा घेतो."

मंगळवारी गाडी थांबायची बंद झाली. जानरावनं मूर्तिजापूरला एक खोली घेतली, शेत भावाच्या हवाली केलं. उरलेला हिवाळा आणि जवळजवळ सगळा उन्हाळा मैनाबाईनं त्या खोलीत काढला, आणि एकदाही तक्रार केली नाही. फक्त घराकडच्या बाजूची खिडकी ती लावू देत नसे.

चिंतामणराव मात्र गप्प बसले नाहीत. एकदा प्रणालीच्या टेबलासमोर येऊन म्हणाले, "माझ्या अर्जात कमी काय होतं ते कळलं. मी गावाची लोकसंख्या लिहिली, पिकं लिहिली, इतिहास लिहिला. माणूस लिहायचा राहिला." त्यांनी नवा अर्ज केला. प्रणालीनं चौकशीच्या अहवालात, गाडी का थांबवली गेली या प्रश्नाखाली, त्या रस्त्याचं आणि त्या वाटेच्या मातीचं वर्णन जसंच्या तसं दिलं होतं. वरचा एक अधिकारी पाहणीला आला, त्याचीही जीप फाट्यापुढं रुतली. मृग लागायच्या आधी लोणझरीला सहा महिन्यांचा प्रायोगिक थांबा मंजूर झाला. सकाळची एक गाडी, संध्याकाळची एक.

पहिल्या दिवशी प्रणाली बंदोबस्तावर होती. बाभळी तोडलेल्या, नाव नव्यानं रंगवलेलं, खिडकीत तिकीटवाला बसलेला. गाडी आली आणि ड्रायव्हरनं तिला इतक्या अलगद थांबवलं की फलाटावरच्या कुणाला ती थांबली हे पटकन कळलंच नाही. जानरावनं पिशवी घेतली. मैनाबाई सावकाश चढली आणि खिडकीशी बसली.

पलीकडच्या रुळावर एक मालगाडी सिग्नलची वाट पाहत उभी होती. तिच्या शेवटच्या डब्याच्या कठड्याशी एक माणूस उभा होता, हातात हिरवा झेंडा गुंडाळलेला. मैनाबाईनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि खिडकीच्या गजांशी तोंड नेलं.

"देवीदासभाऊ!" तिनं हाक मारली. आवाज साऱ्या फलाटावर गेला. "तिकीट काढून बसली मी आज!"

देवीदासांनी वळून पाहिलं. काहीतरी म्हणाले, पण तेवढ्यात त्यांच्या गाडीला सिग्नल मिळाला, वाघिणी एकामागून एक खडखडत हलल्या, आणि त्यांनी झेंडा उघडून हात उंच केला.